मागच्या शेडची लाइट

अभिजितने आपली खुर्ची अशी लावून घेतली होती, की लॅपटॉपवरून नजर जरा उचलली तर मधल्या दारातून थेट मागच्या खोलीतलं देवघर दिसावं. आता यावरून त्याला कोणी भाविक समजेल, तर तो गैरसमज. एकादशी कधी येते आणि कधी जाते याचा त्याला पत्ता नसे. त्याचं लक्ष असे ते देवघरातल्या विजेच्या दिव्यावर. आइंडहोवनच्या या घरात आल्यावर एकदा तेलाची समई लावली होती, तेव्हा धुराचा अलार्म असा केकाटला की शेजारची डच म्हातारी अनवाणी बाहेर आली. तेव्हापासून देवांच्या नशिबी हा लाल बल्ब आला होता. मागची खोली आणि बागेच्या टोकाची शेड एकाच लाइनवर होत्या. त्यामुळे बल्ब विझला की समजायचं, शेडमधल्या कॉम्प्रेसरने पुन्हा एमसीबी पाडला. आणि एमसीबी पडला म्हणजे आता सुचित्रा येणार.

ती येई. बाग ओलांडून, स्वयंपाकघराच्या दारात रंगाने माखलेले बूट काढून, मास्क गळ्यात लोंबत ठेवून ती पुढच्या खोलीत येई आणि म्हणे, "अभिजित, लाइट गेली रे." मग तो उठे. घाई करायची नाही, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. पुढच्या दाराजवळचं मीटरचं अरुंद कपाट, ज्याला इथे मीटरकास्ट म्हणतात, ते उघडायचं, व्हॅक्यूम क्लीनर बाजूला सारायचा, कुठला खटका पडलाय ते ढळढळीत दिसत असताना सगळ्या खटक्यांवरून डॉक्टरासारखं बोट फिरवायचं, आणि मग एक खटका वर करायचा. तिकडे देव उजळत. सुचित्रा तोवर त्याच्या टेबलाला टेकून त्याच्याच कपातला अर्धा चहा पिऊन टाकी आणि आज कुठलं कपाट घेतलंय, जुना रंग किती चिवट निघाला, असलं काहीबाही सांगत बसे. मग ती परत जाई. अख्ख्या दिवसात बायको आपली आहे असं त्याला वाटे ते एवढ्याच वेळात.

एके काळी गोष्ट उलटी होती. सुचित्रा त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून डिपेंडंट म्हणून आली, तेव्हा खेमेंतेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं तरी ऑफिसात फोन, दुधाच्या डब्यावरचं वाचता आलं नाही तरी फोन. अभिजित तेव्हा वैतागायचा. चिप बनवणाऱ्या अवाढव्य यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाने दूध कुठलं आणि ताक कुठलं हे मीटिंगमधून उठून सांगायचं का, असं त्याने एकदा बोलूनही दाखवलं होतं. देवाने ते ऐकलं असावं. ती डच शिकली, आणि अशी शिकली की शेजारची म्हातारी आता हिच्याशी कुंपणावरून तासभर बोले आणि ह्याला नुसता हात करी. मुलगी जुई डेल्फ्टला शिकायला गेली, घर रिकामं झालं, तशी सुचित्राने जुन्या वस्तूंच्या दुकानातून मोडकी कपाटं-खुर्च्या आणून, घासून, कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या स्प्रेने रंगवून विकायला सुरुवात केली. आधी छंद होता, मग धंदा झाला. मराठी मंडळात पूर्वी ती "अभिजितची मिसेस" होती, या गणपतीत एका नवख्या जोडप्याने त्यालाच विचारलं, "तुम्ही सुचित्राताईंचे मिस्टर ना?" त्याने हो म्हटलं आणि मोदक तसाच ताटात ठेवला.

तर अभिजित जळत होता, हे सरळच सांगून टाकायला हवं. बायकोच्या गिऱ्हाइकांवर जळत होता, तिच्या निळ्या डांगरीवर जळत होता, आणि त्या कॉम्प्रेसरवर तर फारच. बाईला सवत तरी असते, चार बायका तिची कीव तरी करतात. नवऱ्याच्या घरात टाकीला चाकं लावलेली एक लाल मोटर येऊन बसली तर त्याने कुणाकडे रडावं? थंडी पडल्यावर तर कहर झाला. तेल गारठलं की मोटर जड जाते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून सुचित्राने रात्री कॉम्प्रेसरवर गोधडी घालायला सुरुवात केली. गोधडी अभिजितच्या आईने शिवलेली, पुण्याहून तेवीस किलोंच्या हिशोबात बसवून आणलेली. त्याने मागितली असती तर सोफ्यावरची फ्लीस दाखवली असती तिने.

हे सांगणारा कुणीतरी म्हणजे प्रणव, आणि खरी आग तिथेच होती.

प्रणव नाशिकचा. चांगली नोकरी सोडून आता जुन्या सायकली नव्याने बांधून विकायचा. शहराबाहेर त्याने एक मोठा गाळा भाड्याने घेतला होता. पहिल्या भेटीत तो सुचित्राला रीतसर "वहिनी" म्हणाला होता. सायकलींना रंग देण्यावरून दोघांचं बोलणं वाढलं आणि "वहिनी" कधी गळून पडली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. अभिजितच्या आलं. कोजागरीच्या कार्यक्रमात, मसाला दुधाच्या रांगेत, प्रणव मागून म्हणाला, "सुचित्रा, त्या कपाटाची फिनिश काय आलीय गं!" आणि मग अभिजितकडे वळून नम्रपणे म्हणाला, "काय अभिजितदादा, कसे आहात?" म्हणजे बायकोला एकेरी आणि नवऱ्याला दादा. वयात पुरतं दशकाचंही अंतर नव्हतं, पण त्या एका शब्दाने अभिजितला त्याने थेट निवृत्तांच्या बाकावर नेऊन बसवलं.

कॉम्प्रेसर ऑक्टोबरात बिघडला. सकाळी पहिल्यांदा चालू केला की मुकाट चालायचा, टाकी भरून थांबायचा. काम करता करता हवा कमी झाली, की तो परत सुरू व्हायला बघायचा, "हूं" करून कण्हायचा, आणि लाइट गुल. दाराच्या फळीवर निम्मा रंग बसलेला, निम्मा नाही. परत सुरू करेपर्यंत मधे अशी रेघ उठायची की सगळं घासून पहिल्यापासून. सुचित्राने प्रणवला फोन केला. तो म्हणाला, वायर लांब आणि बारीक असेल. तिने जाड वायर आणली. लाइट गेली. तो म्हणाला, त्याच लाइनवर दुसरं काही चालू आहे का बघ. तिने शेडमधला हीटर बंद करून थंडीत काम केलं. लाइट गेली. मग तेल, मग गोधडी. प्रत्येक फोनला ती दोघं पंधरा-वीस मिनिटं हवेच्या दाबावर आणि अँपियरवर बोलत आणि मधूनच हसत. अँपियरमध्ये हसण्यासारखं काय असतं हे इलेक्ट्रिकलची डिग्री घेतलेल्या अभिजितला कळेना. त्याला तर तिने साधं विचारलंही नव्हतं. डिग्रीनंतर त्याने वायरीला हात लावलेला नव्हता हे खरं, पण विचारायला काय जात होतं?

एका रविवारी ती प्रणवचा गाळा बघायला गेली. अभिजितला बरोबर ये म्हणाली होती, त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि गाडी वळणावरून गेल्याबरोबर उठून शेडमध्ये गेला. गोधडी काढून नीट घडी केली आणि कॉम्प्रेसर चालू केला. टाकी भरली, मोटर थांबली. शेडमध्ये शांतता पसरली.

त्या शांततेतच सगळं होतं. कॉलेजात असताना भोसरीच्या एका कारखान्यात त्याने ट्रेनिंग केलं होतं, तिथे दिवसभर कानावर पडणारा एक आवाज त्याला आठवला. कॉम्प्रेसर थांबला की "फुस्स" झालंच पाहिजे. पंप आणि टाकी यांच्या मधल्या नळीत हवा अडकते, ती एक बारीकसा व्हॉल्व्ह मोटर थांबताच बाहेर सोडतो. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटरला छातीवर धोंडा घेऊन उठावं लागतं. ती जोर करते, भसाभसा करंट ओढते, आणि एमसीबी बिचारा आपलं काम करतो. इथे फुस्स झालंच नव्हतं. ना वायर, ना तेल, ना थंडी. बोटाच्या पेराएवढा व्हॉल्व्ह अडकला होता, बस.

अभिजितला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. प्रणवचे सगळे फोन पाण्यात गेले होते आणि उत्तर त्याच्या हाताशी होतं. त्याने तिथेच उभं राहून तसला व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवला. तो दिवाळीच्या आठवड्यात आला. पुण्याहून आलेल्या फराळाच्या पार्सलबरोबर ते छोटं पाकीट सुचित्रानेच त्याच्या टेबलावर आणून ठेवलं. शनिवारी तिच्यादेखत बसवायचा, "बघ" म्हणायचं आणि पुढे एक शब्दही बोलायचा नाही, असं त्याने ठरवलं.

शुक्रवारी देवघरातला बल्ब विझला. सुचित्रा आली, टेबलाला टेकली, त्याच्या कपातला चहा प्यायली, चकली मोडून अर्धी त्याला दिली. बोलता बोलता तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हाताचा पांढरा रंग स्वेटरला लागला म्हणून दोघं हसली. अँपियरवरून नव्हे, पण हसली.

ती गेल्यावर अभिजितने पाकीट ड्रॉवरमध्ये मागे सारलं. लाइट जायची थांबली तर ही येणार कशाला? शनिवारी त्याने बसवला नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. लाइट जात राहिली, ती येत राहिली, आणि त्याला रोज थोडा आनंद आणि थोडी लाज वाटत राहिली. लाजेची सवय होते. मंगळवार आणि गुरुवार ऑफिसला जावं लागे, ते मात्र त्याच्या जिवावर येई.

जेवताना तिने एकदा विचारलं, "कशामुळे पडत असेल रे एमसीबी? तुला काय वाटतं?" शेवटी एकदाचं विचारलं होतं तिने. आणि अभिजितने जुन्या डच घरांच्या वायरिंगवर एक लांबलचक व्याख्यान दिलं. ती भात कालवत ऐकत होती. दोन दिवसांनी तिने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा त्याने व्याख्यानाचा दुसरा भाग दिला. तिने मान हलवली आणि ताटं उचलली.

डिसेंबर लागला. सुचित्राला एका नव्या कॅफेच्या खुर्च्यांचं काम मिळालं होतं, आजवरचं सगळ्यात मोठं. नाताळाच्या आत द्यायच्या होत्या. रोज एकदोन खुर्च्यांवर रेघ उठे, रोज ती घासून परत रंगवी. एका संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता म्हणाली, की प्रणव त्याच्या गाळ्यातला अर्धा भाग द्यायला तयार आहे. तिथे मोठी लाइन आहे, मोठा कॉम्प्रेसर आहे. जानेवारीपासून तिकडेच जावं असं तिच्या मनात आहे. तिने हे अगदी सहज सांगितलं आणि कांदा पातेल्यात टाकला.

म्हणजे बायको घरात राहावी म्हणून जे दडवून ठेवलं, तेच तिला उचलून प्रणवच्या गाळ्यात नेऊन सोडत होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि तोही रोज एकदा, नेम धरून. त्या रात्री त्याला प्रणवचा गाळा दिसत राहिला, त्यात सुचित्राच्या खुर्च्या, आणि कामाच्या मधे चहा पिणारी दोघं. कुणाच्या कपातला, एवढंच त्याला दिसत नव्हतं. सकाळी उठून पहिलं काम व्हॉल्व्ह बसवायचं, असं त्याने ठरवलं. उशीर झाला खरा, पण काहीतरी थाप मारता येईल. आजच आला म्हणू.

सकाळी सुचित्रा लवकर शेडमध्ये गेलेली होती. अभिजितने पाना काढला, ड्रॉवर उघडला, मागे हात घातला. पाकीट होतं. हलकं लागलं. त्यात काही नव्हतं.

तो तसाच उभा होता तेव्हा मागून मोटरचा आवाज आला. तो वाढला, एकसारखा झाला, आणि थांबला. मग बागेच्या त्या टोकाहून, बंद दारातूनही ऐकू येईल असं, स्पष्ट "फुस्स" झालं. देवघरातला बल्ब शांत तेवत होता.

पाना हातातच घेऊन तो बाग ओलांडून गेला. शेडच्या दारात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ती काम करत असताना आपण इथे पहिल्यांदाच येतोय. सुचित्रा एका खुर्चीच्या पाठीवर स्प्रे फिरवत होती. तिने हात पुरा केला, मास्क खाली ओढला आणि त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं.

"मी बसवला काल संध्याकाळी," ती म्हणाली. "व्हिडिओ बघून. अवघड नव्हतं."

कुठे मिळाला, तेही तिनेच सांगितलं. चिकटपट्टी शोधायला ड्रॉवर उघडला तेव्हा दिवाळीतलं ते पाकीट दिसलं होतं. आत बघितलं, मशीनवरच्या भागाशी ताडून बघितलं, आणि परत होतं तसं ठेवून दिलं. मग एकदा जेवताना विचारलं. परत एकदा विचारलं.

अभिजितने तोंड उघडलं तेव्हा थाप आठवलीच नाही. "लाइट गेली की तू यायचीस," तो म्हणाला. "म्हणून."

स्प्रेच्या तोंडाशी जमलेला थेंब सुचित्राने फडक्याने टिपला.

"मंगळवारी-गुरुवारी तू ऑफिसात असतोस," ती म्हणाली. "तेव्हाही जायचीच की लाइट. कोण वर करत होतं खटका?"

इतक्या आठवड्यांत हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. चिप बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिणारं डोकं ते.

"मग इतर दिवशी कशाला यायचीस?"

"तू घरी असायचास म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "एवढीशी बाग आहे मधे, अभिजित. मी रोज ओलांडली. तू एकदा ओलांडलीस, तीसुद्धा मी घरात नसताना. घडी घातलेल्या गोधडीवरून कळलं मला."

त्याने विचारलं, आता लाइट जाणार नाही, तर प्रणवकडे जायचं कारण उरलं नाही ना. विचारताना आवाज लहान मुलासारखा झाला, तो त्याला स्वतःलाच ऐकू आला.

"प्रणवला मी काल रात्रीच हो म्हणून कळवलंय," ती म्हणाली. "लाइट जाते म्हणून मी जात नाहीये. जात होती, तोवरच थांबले होते. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

मग तिने सांगितलं, की व्हॉल्व्हचं प्रणवला कळवताना तिने दोष अभिजितने शोधला असंच सांगितलंय. तो म्हणाला, दादा म्हणजे दादाच. हे तिने खोचकपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते साधेपणाने सांगितलं, मास्क वर ओढला आणि पुढची खुर्ची समोर घेतली.

दुसऱ्या दिवशी अभिजित लॅपटॉप उघडून बसला. अधूनमधून त्याची नजर देवघराकडे जाई. बल्ब जळत होता. तास गेला, दुसरा गेला, देव लख्ख उजेडात बसून त्याच्याकडे बघत होते. प्रणववर जळावं म्हटलं तर त्यालाही आता तोंड राहिलं नव्हतं. जळायची सवय तेवढी राहिली होती. मागून काही वेळाने फुस्स होई, आणि प्रत्येक फुस्सबरोबर एक खुर्ची बिनरेघेची तयार होत असणार, हे त्याला बसल्या जागी कळे.

शेवटी तो उठला. आल्याचा चहा केला, दोन कपांत ओतला आणि बाहेर पडला. बागेतल्या फरश्या ओल्या होत्या, कप भरलेले होते, म्हणून जपून चालावं लागलं. शेडचं दार त्याने कोपराने ढकललं. सुचित्राची त्याच्याकडे पाठ होती आणि स्प्रे चालू होता. चहा आणलाय, असं तो दोनदा म्हणाला.

"ठेव तिथे," ती मान न वळवता म्हणाली. "हात भरलेत."

त्याने दोन्ही कप फळीवर ठेवले. बसायला जागा नव्हती, सगळ्या खुर्च्या ओल्या होत्या. तो दाराशी उभा राहिला.